‘चूक’ म्हणता, पण कुठली ते सांगा

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात आपल्या अंकात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा आकडा रोज छापून येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो ५७ फुटांच्या वर गेला. गावभागातल्या आमच्या घरात तेव्हा देवघरातल्या कोनाड्यापर्यंत पाणी होते. त्या वर्षापासून हा आकडा मी वहीत उतरवून ठेवते. ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका हे सांगलीत शाळकरी पोरांनाही पाढ्यासारखे पाठ असते. माझे तर सगळे आयुष्य गणित शिकवण्यात गेले, त्यामुळे आकडा दिसला की लिहून ठेवायची खोड आहेच.

बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्याने ही वही मला संगणकावर करून दिली. सकाळी चहा झाला की मी आकडा भरते, एक बटण दाबते आणि तो इंटरनेटवरच्या एका सेवेत जाऊन बसतो. हरिपुरातल्या दोन-तीन घरांतून आणि पेठेतल्या काही दुकानांतून तो पाहिला जातो, एवढाच त्याचा पसारा. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार तिच्या एकटीबद्दल नाही.

१७ जुलैच्या रात्री कोयनेतून विसर्ग वाढणार अशी बातमी आली, म्हणून संध्याकाळचाही आकडा चढवावा म्हणून बसले. बटण दाबले तर तांबड्या अक्षरांत उत्तर आले: नाव किंवा पासवर्ड चुकीचा. मी पासवर्ड पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाकला. सेवेच्या संकेतस्थळावर त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने गेले, तर बिनतक्रार आत. परत वहीतून बटण दाबले की तेच तांबडे वाक्य. शेजारचा मुलगा म्हणाला, “काकू, हॅक झालंय बहुतेक.” हल्ली पोरांना प्रत्येक रोगाला हेच एक निदान ठाऊक.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, पासवर्डचा काही संबंधच नाही. तुझं टोकन संपलं असणार. कधी काढलं होतं?” वहीच्या मागच्या पानावर तारीख होती, १८ एप्रिल. मुदत नव्वद दिवस. एप्रिलचे १२, मेचे ३१, जूनचे ३०, झाले ७३. राहिले १७. म्हणजे १७ जुलै, तीच रात्र. हिशेब चोख होता, पण तो माझ्याकडून करून घ्यायची वेळ का यावी? मुदत कधी संपते हे ज्याने टोकन दिले त्याला माहीत असतेच की.

टोकन म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या वाचकांना एसटीच्या पासावरून पटकन कळेल. पासवर्ड ही घराची किल्ली; ती हातात असली की माजघरापासून माळ्यापर्यंत सगळे मोकळे. टोकन हा पास. त्यावर मार्ग लिहिलेला असतो, मुदत लिहिलेली असते. सांगली-मिरज पासावर तासगावला जाता येत नाही. पास हरवला तर तेवढा एकच रद्द होतो, घराची कुलपे बदलावी लागत नाहीत. म्हणूनच मोठ्या सेवा या पद्धतीकडे वळल्या. प्रोग्रॅमर आपले कोड जिथे ठेवतात त्या गिटहब नावाच्या सेवेने १३ ऑगस्ट २०२१ पासून कोड चढवताना पासवर्ड घेणे बंदच केले (माझी वही तिथे नाही, पण रीत तीच). फरक एकच, पण मोठा: पासावर फोटो असतो, टोकनवर नसतो. ज्याच्या हातात असेल त्याला गाडीत घेतात.

पद्धत उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या रात्री पुढे काय झाले ते सांगते.

नवे टोकन काढले. चाळीस अक्षरांची माळ, आणि खाली ताकीद: हे पुन्हा दिसणार नाही. घाबरून मी ते पेन्सिलीने वहीत उतरवले. मग बटण दाबले, तर वहीने नवे टोकन मागितलेच नाही आणि तेच तांबडे वाक्य दाखवले. अर्धा तास गेल्यावर भाच्याच्या लक्षात आले की विंडोज स्वतःच्या कपाटात जुने टोकन जपून ठेवते आणि मला न विचारता तेच पुढे करते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ म्हणून ते कपाट आहे. त्यातली सेवेच्या नावाची नोंद पुसली, तेव्हा कुठे काळी खिडकी उघडून तिने विचारले. काय विचारले? पासवर्ड! हवे होते टोकन, पाटी मात्र जुनीच.

आता वहीतली माळ टाकू लागले, तर पडद्यावर काहीच उमटेना. तारे नाहीत, ठिपके नाहीत. मला वाटले कीबोर्ड गेला. भाचा म्हणाला, “उमटत नाहीच ते, मावशी. तू टाकत राहा.” चाळीस अक्षरे आंधळ्यासारखी टाकली आणि तांबडे वाक्य आले. भिंग घेऊन वही पाहिली. एका जागी शून्य की इंग्रजी ‘ओ’, दुसऱ्या जागी एक की धाकटा ‘एल’, माझे मलाच सांगता येईना. पोरांच्या उत्तरपत्रिकेतले असले अक्षर मी अर्धा गुण कापून परत केले असते.

ते टोकन रद्द करून दुसरे काढले. या वेळी शहाणपणाने कॉपी केले आणि काळ्या खिडकीत चिकटवले. काही उमटले नाही. चिकटले नसेल म्हणून पुन्हा चिकटवले. तांबडे वाक्य. भाच्याने विचारले, “किती वेळा चिकटवलंस?” दोनदा. म्हणजे चाळीसच्या जागी ऐंशी अक्षरे गेली होती. तो हसला नाही, एवढी त्याची पुण्याई.

तिसऱ्या खेपेला चिकटवण्याआधी ते साध्या नोटपॅडमध्ये टाकून अक्षरे मोजली, तर भरली एक्केचाळीस. शेवटी एक रिकामी जागा चिकटून आली होती, ती खोडली. मग मात्र वाक्य बदलले: परवानगी नाही. संपादक महाराज, इतक्या वेळाने नवी चूक भेटल्याचा मला जो आनंद झाला, तो बक्षीस मिळाल्यावरही झाला नव्हता. कारण आता कळले की दार ओळखते आहे, फक्त खोली मोकळी नाही. घाईत टोकन काढताना मी फक्त वाचण्याच्या चौकोनात खूण केली होती, लिहिण्याच्या नाही. ती केली. एक वाजत आला होता. आकडा गेला.

आता माझे म्हणणे. मुदत संपली, कपाटातले जुने निघाले, अक्षर चुकले, दोनदा चिकटले: चार वेगळ्या चुका आणि चौघींना एकच शेरा. वर तो शेराही खोटा, कारण पासवर्ड एकदाही चुकीचा नव्हता. उत्तरपत्रिका तपासताना नुसती फुली मारणाऱ्या शिक्षकाला आम्ही आळशी म्हणायचो. हातचा विसरला असेल तर हातच्यावर गोल करायचा, चिन्ह चुकले असेल तर चिन्हावर. मग पोराला पुढचे गणित जमते.

भाच्याने यंत्रांची बाजू मांडली. नाव चुकले की पासवर्ड, हे मुद्दामच सांगत नाहीत. सांगितले तर चोराला निदान एवढे कळेल की या नावाचे खाते आहे, आणि मग तो तेवढेच धरून बसेल. हे मला पटले. पण मुदत संपलेले टोकन ज्याच्या हातात आहे, त्याला “याची मुदत संपली” म्हटल्याने चोराचा काय फायदा? ते टोकन तसेही निकामीच. खऱ्या मालकाला मात्र अर्धी रात्र परत मिळते.

आणि हे काही माझ्या डोक्यातले खूळ नाही. टोकन कसे दाखवावे आणि नाकारताना काय बोलावे, याचा जागतिक नियम ऑक्टोबर २०१२ मध्येच लिहिला गेला आहे. आरएफसी ६७५० असा त्याचा क्रमांक. त्यात मागणीच धड नसेल तर ४००, टोकन संपलेले, रद्द झालेले किंवा मोडके असेल तर ४०१, आणि टोकन ठीक पण परवानगी तोकडी असेल तर ४०३, असे उत्तर ठरवून दिले आहे. शिवाय कारण शब्दांत लिहायलाही एक जागा ठेवली आहे. मात्र ते लिहिणे सक्तीचे नाही, आणि सक्ती नसली की काय होते ते कुठल्याही नगरात दिसते. भाच्याने मग तांबड्या वाक्याच्या मागचा आकडा काढून दाखवला. पहिल्या सगळ्या वेळी ४०१, शेवटी ४०३. म्हणजे यंत्राने निदान अर्धे खरे सांगितले होते, पडद्यावरच्या वाक्याने ते गिळले.

मार्केट यार्डात हळदीची अडत असलेला माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याला हा किस्सा सांगितला तर म्हणाला, “बाई, आमचं वेगळंच झालं होतं.” त्याच्या बिलाच्या प्रोग्रॅमला लागणारे टोकन काही तासच टिकते. प्रोग्रॅम संगणकाचे घड्याळ पाहतो आणि वेळ झाली की नवे मागवतो. संगणक जुना, आतला रुपयाएवढा बटण सेल संपलेला. वीज गेली की घड्याळ मागे जायचे. प्रोग्रॅमला वाटायचे अजून पुष्कळ वेळ आहे, आणि तो संपलेले टोकनच पुन्हा पुन्हा पुढे करायचा. गाड्या भरून उभ्या आणि पडद्यावर काय? नाव किंवा पासवर्ड चुकीचा. त्या दिवसात त्याने पासवर्ड चार वेळा बदलला. शेवटी मुनीमजींनी कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि किरकोळ पैशांच्या सेलने काम भागले.

माझ्यासारखे जे कोणी या फेऱ्यात सापडतील त्यांनी पासवर्ड बदलायच्या आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे, टोकनची तारीख पाहावी, कपाटातले जुने पुसावे आणि चिकटवण्याआधी अक्षरे मोजावीत. आणि कितीही वैताग आला तरी टोकनचा फोटो काढून “जरा बघ रे” म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवू नये. मी पाठवायच्या बेतात होते, भाच्याने फोनवरच ओरडून थांबवले. पाठवलेच असेल तर ते रद्द करून दुसरे काढावे. काढायला दोन मिनिटे लागतात, हे आता मी अनुभवाने सांगू शकते.

विश्रामबागेत वालचंद महाविद्यालय १९४७ पासून इंजिनिअर घडवते आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जण उद्या असले पडदे लिहायला बसतील. त्यांच्याकडे एका निवृत्त बाईंचे एवढेच मागणे, की फुली मारताना शेजारी चार शब्द लिहा: मुदत संपली, परवानगी कमी आहे, टोकन अर्धवट आले. मराठीत लिहिलेत तर आणखी बरे. आणि जिथे टोकन हवे तिथे ‘पासवर्ड’ अशी पाटी लावू नका. मुदत संपायच्या आठवडाभर आधी एक निरोप धाडलात तर मी तुम्हाला पैकीच्या पैकी देईन.

त्या रात्री शेवटचे टोकन काढले तेव्हा बारा वाजून गेले होते, म्हणजे तारीख १८ जुलै. नव्वद दिवस मोजून १६ ऑक्टोबरवर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, सिलिंडरच्या नोंदीच्या वरती, तांबड्या पेनने ‘टोकन’ असे लिहून ठेवले आहे. कामाला येणाऱ्या मावशी विचारत होत्या, रेशनचं का ओ बाई?

एक विनंती राहिली. एवढे सगळे करून माझ्या वहीत १८ जुलैचा सकाळचा आकडा रिकामाच आहे. त्या दिवशीचा आपला अंक दारात भिजून लगदा झाला होता आणि शेजाऱ्यांचाही तसाच. आपल्या कार्यालयात जुना अंक असेल तर आयर्विन पुलाजवळची त्या सकाळची पातळी, फूट आणि इंचांत, कृपया कळवावी.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
गावभाग, सांगली