जुन्या मोटारींच्या तपासणीत पेट्रोलचा कॉक कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील जुन्या मोटारींच्या फेरीची छायाचित्रे पाहून आनंद झाला. त्यांतील एका छायाचित्रावर मात्र नजर अडकून राहिली. रांगेत उभ्या असलेल्या एका मोटारीच्या इंजिनाखाली डांबरावर ओला डाग आहे, पायरीवर एक मूल उभे आहे आणि शेजारी बॉनेटला हात टेकून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या बोटांत सिगारेट आहे. डाग पाण्याचा असेल, तेलाचाही असेल. पण तो पेट्रोलचा नाही याची खात्री फेरीपूर्वी कोणी करून घेतली होती का, हा प्रश्न मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी १९३० सालची फोर्ड मॉडेल ए आहे. या मोटारीला पेट्रोलचा पंप नाही. चाळीसेक लिटरची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या पलीकडे, म्हणजे चालवणाऱ्याच्या गुडघ्यांपेक्षाही वरच्या पातळीला बसवलेली आहे आणि पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने खाली कार्बोरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागापर्यंत, उतरते. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनमध्ये हीच रीत होती; फोर्ड मॉडेल टीमध्येही पेट्रोल पंपाविनाच उतरे, फक्त तिची टाकी बहुधा पुढच्या सीटखाली असे. अशा मोटारीत इंजिन बंद केले म्हणून पेट्रोल थांबत नाही. टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये खात्रीचा अडसर एकच, तो म्हणजे पेट्रोलची वाट उघडणारा-मिटणारा, हाताने फिरवायचा बोटभर लांबीचा पितळी कॉक.

कार्बोरेटरमधल्या फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याची, सुई पेट्रोल थोपवून धरते, असे पुष्कळ मालक धरून चालतात. इंजिन चालू असताना ते काम ती करतेही. परंतु जुन्या टाकीतल्या गंजाचा रव्याएवढा कण सुईच्या टोकाखाली अडकला, तरी ती नीट बसत नाही, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत किंवा कोणाच्या तरी लक्षात येईपर्यंत पेट्रोल ठिबकत राहते.

हे मी ऐकीव सांगत नाही. १९९१ सालच्या डिसेंबरमध्ये एका रात्री बाहेरगावाहून परतल्यावर कॉक उघडाच राहिला. आम्ही मोटार जुन्या गोठ्यात ठेवतो आणि गोठ्याची मोरी परसातल्या न्हाणीघराला लागून जाते. पहाटे आई बंब पेटवायला गेली, तिने चिपाडे रचली, काडीपेटी हातात घेतली आणि वास आल्याने ती तशीच मागे फिरली. वडिलांनी विजेच्या बटणाला हात न लावता गोठ्याची दारे सताड उघडली आणि कॉक बंद केला. उजाडल्यावर पाहिले, तर कार्बोरेटरच्या तळाशी एक थेंब धरत होता, सुटत होता आणि लगेच दुसरा धरत होता. रात्रभरात जेमतेम लिटरभर पेट्रोल गेले असेल; टाकीच्या काट्यावर ते कळलेसुद्धा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता पाण्यासारखी उताराने वाहते आणि खड्ड्यात, मोरीत साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले, तरी ठिणगी पुरते. डिसेंबरची थंडी होती म्हणून धोका कमी होता असेही नाही, कारण उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते.

ज्यांनी चेतक किंवा जुनी बुलेट वापरली आहे, त्यांना रात्री कॉक बंद करण्याची सवय वेगळी सांगावी लागत नाही. चारचाकीच्या बाबतीत ती सवय सुटली, कारण टाकी मागे गेली, पंप आला आणि कॉकची गरज राहिली नाही. आज जुन्या मोटारी विकत घेणारी तरुण मंडळी या नंतरच्या गाड्यांवर वाढलेली आहेत. विकणाऱ्याने सांगितले नाही, तर डॅशबोर्डखाली हात घालावा लागतो हे त्यांना कळणार कसे?

दुसरी अडचण अस्सलपणाच्या आग्रहाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि ती १० वर्षे चालते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. ही अट रास्तच आहे. परंतु तिच्या धाकाने अनेक मालक गळका मूळ कॉक आणि तडकलेली मूळ रबरी नळीसुद्धा बदलायला कचरतात. नळी, वॉशर, कॉक या झिजणाऱ्या वस्तू आहेत. टायर बदलल्याने मोटारीचा अस्सलपणा जात नाही, तसाच तो यांनीही जात नाही. परिवहन विभागाने हे एका परिपत्रकाने स्पष्ट करावे, अशी माझी विनंती आहे.

मूळ कॉक टाकून द्यावा असेही माझे म्हणणे नाही. आमचा कॉक आत फिरणाऱ्या निमुळत्या दट्ट्याचा आहे. तो गळू लागला, तेव्हा आमच्या कोल्हापुरातील उद्यमनगरच्या एका कारागिराने इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवायला लावतात ती बारीक पेस्ट लावून दट्ट्या हातानेच घासून बसवला. त्याने दट्ट्याला निळी शाई लावून तो आत फिरवला आणि शाई सगळीकडे सारखी उठेपर्यंत, जवळजवळ तासभर, जागेवरून उठला नाही. त्यानंतर तो कॉक आजतागायत गळलेला नाही. काही इंग्रजी गाड्यांच्या कॉकमध्ये बुचाच्या लाकडाचे सील असते. मोटार महिनोन्महिने पेट्रोलविना पडून राहिली की ते वाळून आकसते आणि पुन्हा पेट्रोल भरताच गळू लागते. अशा ठिकाणी नळाच्या दुकानातला पाण्याचा कॉक बसवलेला मी पाहिला आहे, तो कृपया कोणीही बसवू नये, कारण त्यातले रबर पेट्रोलने फुगते. सांध्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळण्याचाही मोह टाळावा. तिचे धागे सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात, जातात किंवा सुईखाली अडकतात, आणि जी गळती थांबवायची तीच सुरू होते.

इथेनॉलमुळे हा विषय आता आणखी निकडीचा झाला आहे. ज्या उसावर आमचा जिल्हा उभा आहे, त्याच उसापासून इथेनॉल होते. त्यामुळे त्याला विरोध करण्यासाठी मी हे लिहीत नाही. परंतु आता पेट्रोल पंपांवर सर्वत्र २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि या मोटारी बनल्या तेव्हा त्यांच्या रबराचा, बुचाचा आणि लाखेचा त्याच्याशी संबंध येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा थर इथेनॉलमध्ये विरघळतो, मग बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि फ्लोट तरंगत नाही. जुने रबर मऊ पडते किंवा चिरते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पडून असलेल्या मोटारीची टाकी आतून गंजते आणि तोच गंज सुईखाली येतो. निदान रबरी नळ्या तरी 'एसएई जे ३० आर ९' असे छापलेल्या, पेट्रोलच्या नळ्यांसाठी ठरवलेल्या दर्जाच्या घ्याव्यात आणि दर काही वर्षांनी बदलाव्यात. फियाटसारख्या पंपाच्या गाड्यांना आपोआप खाली उतरणाऱ्या पेट्रोलचा धोका नसला, तरी पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, काढून वास घेतला तरी ते समजते.

फेऱ्यांच्या आयोजकांना आणि नोंदणीसाठी मोटारी पाहणाऱ्या समित्यांना माझे सांगणे एवढेच की, रंग, दिवे आणि बिल्ले पाहताना पाच मिनिटे या कॉकसाठी राखून ठेवावीत. इंजिन सुरू ठेवून कॉक बंद करावा. कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल संपले की इंजिन काही मिनिटांत आपोआप बंद पडले पाहिजे. ते चालतच राहिले, तर कॉक गळतो आहे, आणि त्या मोटारीला त्या दिवशी रांगेत उभे करू नये, मग ती कितीही दुर्मीळ असो. प्रत्येक मोटारीत हाताशी पावडरचे अग्निशामक असावे. पेट्रोलच्या आगीवर पाण्याची बादली ओतली, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवते. आणि मोटार जिथे उभी राहील, तिथे इंजिनाखाली पुठ्ठ्याचा कोरडा तुकडा ठेवून अर्ध्या तासाने तो उचलून पाहावा.

आपला,
एक जुना मोटारधारक,
कोल्हापूर