आयस्कझीचं तुटणं थांबवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण दूध संघ, पतसंस्था, कॉलेजं, लहान रुग्णालयं अशा ठिकाणी दोन सर्व्हर आणि एक स्टोरेज एकट्याने सांभाळणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो.

तुम्हाला आमची मांडणी पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या दूध संघात दोन होस्ट, म्हणजे सर्व्हर आहेत, दोन्हींवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल (आभासी) मशीनं चालवणारी प्रणाली. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क मात्र होस्टमध्ये नाहीत, त्या वेगळ्या स्टोरेजवर आहेत आणि होस्ट तिथपर्यंत आयस्कझीने पोचतात. म्हणजे डिस्कला द्यायचे स्कझीचे हुकूम टीसीपीवरून, साध्या इथरनेटच्या केबलमधून, ३२६० या पोर्टवर जातात. फायबर चॅनेल या खास स्टोरेजसाठीच्या नेटवर्कचा खर्च ज्या संस्थांना झेपत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पण मग नेटवर्कला आलेला प्रत्येक अडथळा थेट डिस्कचा अडथळा होतो.

दुसरा होस्ट बराच काळ नुसता राखीव होता. तो पहिल्याच्या जोडीने क्लस्टरमध्ये घेऊन त्यावर कामाची मशीनं हलवली आणि त्रास सुरू झाला. सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी दुधातल्या फॅट-एसएनएफच्या (स्निग्धांश आणि इतर घन पदार्थांच्या) नोंदी अडकायच्या, पडदा गोठायचा, पुन्हा चालायचा. दहा दिवसांचं बिल काढायच्या वेळी तर डेटाबेसच्या मशीनची फाईलसिस्टिम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणारी, होऊन बसली. ज्यांच्या घरचा आठवड्याचा बाजार या बिलावर चालतो त्या उत्पादकांना 'सिस्टिम बंद आहे' असं सांगायला मला किती जड गेलं, ते तुम्ही त्या रात्री माझ्या आवाजावरून ओळखलंत.

तोवर काय काय झालं होतं? पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ही छोटी चाचणी, व्यवस्थित होतं. स्टोरेजवरची टार्गेट, म्हणजे होस्टने जिथे जोडायचं ती ठिकाणं, दिसत होती, लॉगिन होत होतं. नेटवर्क बघणाऱ्यांनी केबल बदलल्या, स्विच बदलला. स्टोरेजच्या पुरवठादाराने फर्मवेअर अपडेट सुचवलं आणि आपल्या पेटीत दोष नाही असं सांगितलं. जो तो आपल्या भागापुरतं खरंच बोलत होता.

तुमचा पहिला प्रश्न संकलन किती वाजता संपतं हा होता, आणि दुसरा शेवटचा बॅकअप कधीचा आणि तो उघडून बघितलाय का हा. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत तुम्ही एकाही कमांडला हात लावू दिला नाहीत. होस्ट रीस्टार्ट करायलाही तुम्ही मनाई केलीत, कारण त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि बघायचं ते निघून जातं. या एका सूचनेसाठी मी तुमचा वेगळा ऋणी आहे. त्या दिवशी प्रत्येक जण मला रीस्टार्टच करायला सांगत होता.

मग तुम्ही जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पाकिटं, तपासायला लावलंत. स्टोरेजच्या नेटवर्कवर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचं कमाल माप, ९००० बाइट ठेवलेला असेल आणि मधल्या एखाद्या पोर्टवर १५०० राहिला असेल, तर लहान पाकिटं जातात आणि मोठी अडतात. त्यामुळे साधं पिंग आणि लॉगिन होतं, पण मोठा डेटा निघाला की सगळं थांबतं. म्हणून पिंग पाकीट फोडायला मनाई करून ८९७२ बाइटचं पाठवायचं, कारण आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ असे २८ बाइट ९००० मधून वजा होतात. आमच्याकडे ते पाकीट दोन्ही होस्टवरून सुखरूप गेलं. मी हिरमुसलो. तुम्ही मात्र म्हणालात, "छान, आता तिकडे परत बघायला नको."

त्यानंतरचं मी कधी विसरणार नाही. दोन्ही होस्टची घड्याळं जुळतात का ते तुम्ही आधी पाहायला लावलंत आणि मग दोन्ही लॉग शेजारी-शेजारी उघडायला सांगितलंत. मी इतके दिवस एका वेळी एकाच होस्टचा लॉग वाचत होतो, इतर सगळेही तसंच करत होते. ओपन-आयस्कझी या होस्टवरच्या आयस्कझीच्या प्रोग्रामच्या नोंदींत १०२० हा एररचा आकडा पुन्हा पुन्हा येत होता. तुम्ही विचारलंत, "१०२२ कुठे दिसतोय का?" नव्हता. तेव्हा तुम्ही फरक समजावलात. होस्ट दर काही सेकंदांनी स्टोरेजला 'आहेस का' असं विचारतो. मधली वाट खरोखर मेली असेल तर उत्तर येत नाही, वाट पाहण्याची मुदत संपते आणि १०२२ नोंदला जातो. १०२० चा अर्थ वेगळा, टीसीपी जोडणी बंद झाली. वाट जिवंत आहे, पलीकडून रीतसर दार लावून घेतलं जातंय. तेव्हा केबल, स्विच बाजूला ठेवा आणि स्टोरेज आपणहून जोडणी का बंद करतंय ते शोधा.

आणि मग वेळा जुळवल्या. पहिल्या होस्टवर जोडणी तुटल्याची नोंद ज्या क्षणी, त्याच क्षणाच्या आसपास दुसऱ्यावर जोडणी पूर्ववत झाल्याची नोंद. काही सेकंदांनी नेमकं उलटं. पानभर हेच. तुम्ही फोनवर काही वेळ बोलला नाहीत, मग म्हणालात, "स्टोरेजच्या सेशनच्या पानावर किती इनिशिएटर दिसतात?" इनिशिएटर म्हणजे जोडणी मागणारा होस्ट आणि सेशन म्हणजे त्याची चालू जोडणी; दोन दिसायला हवे होते. दिसत होता एकच, आणि पान ताजं केलं की त्याच्यासमोरचा आयपी बदलत होता.

दोन्ही होस्टवरची इनिशिएटरच्या नावाची ती छोटी फाईल उघडली. नाव अक्षरन् अक्षर सारखं. आयक्यूएनने सुरू होणारं, मग १९९३-०८, म्हणजे डेबियन प्रकल्प सुरू झाला तो महिना, मग डेबियनचं उलटं डोमेन आणि शेवटी मशीनपुरती असायला हवी ती अक्षरं. तीही सारखी! दुसरा होस्ट उभा करून देणाऱ्यांनी पहिल्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, त्यावर उतरवली होती. होस्टचं नाव बदललं होतं, आयपी बदलला होता, हे नाव राहिलं होतं. डेबियनमध्ये हे नाव सेवा पहिल्यांदा सुरू होताना तयार होतं. त्यानंतर काढलेल्या इमेजमध्ये ते जसंच्या तसं जातं. त्याच फाईलमध्ये वरच्या ओळींत इशाराही लिहिलेला आहे की प्रत्येक इनिशिएटरचं नाव एकमेव असलं पाहिजे, त्याची नक्कल करू नका.

नियम तुम्ही मला आमच्याच भाषेत सांगितलात. दोन उत्पादकांना संकलन केंद्रावर एकच कोड दिला तर मापाडी त्यांना एकच माणूस समजणार. आयस्कझीतही इनिशिएटरचं नाव, सेशनचा आयएसआयडी हा क्रमांक आणि टार्गेटचा पोर्टल गट (स्टोरेजच्या बाजूचे जोडणीचे पत्ते) सारखे असले, तर नवं लॉगिन म्हणजे आधीचाच होस्ट परत आलाय असं स्टोरेज धरतं आणि जुनं सेशन बंद करतं. आयस्कझीचे नियम ठरवणाऱ्या २००४ च्या मूळ आरएफसी ३७२० मध्येही हेच आहे आणि २०१४ च्या ७१४३ मध्येही. त्यामागे शहाणपण आहे. अचानक बंद पडलेला होस्ट परत उठला तर त्याला जुन्या सेशनची मुदत संपेपर्यंत ताटकळावं लागू नये. आमच्याकडे मात्र दोन्ही होस्ट एकमेकांना बाहेर काढत होते. बाहेर पडलेला लगेच परत लॉगिन करायचा आणि दुसरा बाहेर जायचा. मधल्या काळात होस्ट लिहायचं काम धरून ठेवायचा, म्हणून बहुतेक वेळा नुसतं मंद वाटायचं. एखादं लिखाण वारंवार अडकलं की त्याचा एरर आतल्या मशीनपर्यंत जायचा आणि तिथलं लिनक्स आपली फाईलसिस्टिम रीड-ओन्ली करून टाकायचं. स्टोरेज नियमाप्रमाणे वागत होतं. हे कळल्यावर इतक्या दिवसांचा माझा सगळ्यांवरचा राग ओसरला.

दुरुस्ती तुम्ही घाईने करू दिली नाहीत, त्याचेही आभार. संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर दुसऱ्या होस्टवरची मशीनं नीट बंद केली. डळमळत्या स्टोरेजवर चालू मशीन हलवू नको, हे तुम्ही दोनदा बजावलंत. मग त्या होस्टवरून आयस्कझीचं लॉगआउट केलं. त्याच मिनिटाला पहिल्या होस्टचा लॉग शांत झाला आणि शांतच राहिला. अंदाज खरा असल्याचा तो पुरावा होता. नंतर आयस्कझी-आयनेम या कमांडने नवं नाव तयार केलं, आधी ते स्टोरेजच्या परवानगीच्या यादीत घातलं आणि मग फाईलमध्ये. क्रम उलटा झाला असता तर स्टोरेजने नव्या नावाला ओळखलंच नसतं. सेवा पुन्हा सुरू केली, लॉगिन केलं. पानावर दोन नावं, दोन आयपी, दोन्ही स्थिर.

डेटाबेसच्या मशीनजवळ तुम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलात. आधी तिच्या डिस्कची प्रत काढायला लावलीत, मग मशीन रेस्क्यू सीडीच्या इमेजवरून सुरू करून ई२एफएससीके ही फाईलसिस्टिम तपासणारी कमांड नुसती वाचण्यापुरती चालवली, त्यातून काय बिघडलंय ते पाहिलं आणि मगच दुरुस्तीला परवानगी दिलीत. दुसऱ्या दिवशी तुमची ड्युटी होती हे मला नंतर कळलं. सकाळच्या पाळीचं पहिलं दूध मापाला यायच्या आत नोंदी सुरू झाल्या आणि त्या दहा दिवसांचं बिल वेळेत निघालं. हिशेब विभागाने तुमच्यासाठी खास निरोप दिलाय, तो इथेच पोचवतो: एकाही उत्पादकाच्या बिलात एक लिटरचाही फरक आला नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर मीच सगळं लिहून ठेवावं असा आग्रह धरलात. ती वही आता सर्व्हर रूममध्ये आहे. दोन्ही होस्टची इनिशिएटर नावं तिच्यात आहेत. इमेजवरून नवं मशीन उभं केलं की इनिशिएटरचं नाव, मशीन-आयडी आणि एसएसएचच्या चाव्या नव्याने तयार केल्याशिवाय ते स्टोरेजच्या नेटवर्कला जोडायचं नाही, हेही लिहिलंय. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या मुलाने त्या पानांचे फोटो मागितले, मी दिले. त्यांच्याकडेही इमेजवरूनच उभे केलेले होस्ट आहेत.

तुम्ही सुचवलेल्या दुसऱ्या वाटेचं, म्हणजे वेगळा स्विच, वेगळा सबनेट आणि मल्टिपाथ (एकाच स्टोरेजपर्यंत एकाहून जास्त वाटा), अंदाजपत्रक मी संचालक मंडळापुढे ठेवलंय. मंजूर झालं की जोडणीच्या आधी आराखडा तुम्हाला पाठवतो. वेळ असेल तेव्हा बघा, घाई नाही.

आपला,
दूध संघाच्या संगणक विभागातला तुमचा भाऊ