उधारीचे ४५ दिवस कागदावरच

संपादक साहेब, नमस्कार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) वगैरे सगळं रीतसर, पण माल गेला की बाहेरगावची पार्टी चार-चार महिने पेमेंटचं नावच काढत नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात स्पष्ट आहे, पेमेंटची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या फायनान्स ॲक्टने आयकर कायद्यात कलम ४३ बी (एच) आणलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याने आयकरासाठी तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरायचा. ऐकायला झकास! इकडे पार्टी म्हणते उद्यम नोंदणी कॅन्सल करा, नाहीतर ऑर्डर मध्यम उद्योगात मोडणाऱ्या मोठ्या कारखान्याला देतो, कारण त्याच्या बिलांना हे कलम लागूच नाही. थकलेल्या पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते हो, पण गिऱ्हाइकावर केस टाकली तर पुढची ऑर्डर कोण देणार? आम्हाला सुताचे पैसे मात्र रोख मोजावे लागतात. सरकारने मध्यम उद्योगांनाही हे कलम लावावं, म्हणजे ही पळवाट तरी बंद होईल.

– एक टॉवेल उत्पादक, सोलापूर