पिल्लूची उंचीची फळी आणि चौकटीवरच्या खुणा

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर अर्धवटच बोलणं झालं, पिल्लू उठली आणि राहिलंच, म्हणून आता नीट लिहूनच काढतो. तिच्या खोलीसाठी उंची मोजायची फळी मी घरीच बनवतोय आणि त्यात एक काम असं आहे की ते तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही.

भिंतीवर चिकटवायचे तयार स्टिकर मिळतात, चित्रंही छान असतात, पण घर बदललं की ते तिथंच राहणार आणि सगळ्या खुणाही. म्हणून फळी. पाइनची आहे, 20 सेंटीमीटर रुंद, 180 लांब. आधी 120 नंबरचा, मग 220 चा सँडपेपर मारला, कडा चांगल्या गोल केल्या कारण ती त्या कडा धरूनच उभी राहणार आहे. नुसती टेकवून ठेवली तर एक दिवस ओढून अंगावर घेईल, म्हणून स्क्रूने भिंतीत पक्की बसवणार, स्कर्टिंगच्या वर, जमिनीपासून बरोबर 10 सेंटीमीटरवर. म्हणजे फळीचं खालचं टोक शून्य नाही, 10 आहे, आणि हे मी मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, पुढे दुसऱ्या घरात लावताना चूक नको. रेघा गुण्या लावून आखल्या. मार्करवर वॉर्निश मारलं की शाई पसरते हे एका उरलेल्या तुकड्यावर कळलं, त्यामुळे रेघा बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिक रंगाने काढल्या.

आई, तू विचारलंस ना की आत्ताच तिला उभी करून का मोजत नाही? अगं दोन वर्षांपर्यंत झोपवूनच मोजतात, डोक्याला एक आणि तळव्यांना एक जाड पुस्तक लावायचं आणि मधलं अंतर घ्यायचं. झोपवून मोजलेली उंची उभ्यापेक्षा साधारण 0.7 सेंटीमीटर जास्त भरते, म्हणून तिच्या आत्ताच्या खुणा तुटक रेघेने करणार आणि दोन वर्षांनंतरच्या सलग. पहिल्या वर्षात मूल जवळपास 25 सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्यात 12 च्या आसपास, म्हणून मला हे आत्ताच करायचंय, नंतर ही धावपळ एवढी दिसणार नाही.

आता तुमचं काम. बाबा, दाराच्या चौकटीवर तुम्ही माझ्या आणि ताईच्या खुणा केल्यात ना, त्या मला या फळीच्या डाव्या बाजूला हव्यात. पण आकडे कळवू नका. आईच्या शिलाई मशीनची टेप इतकी वर्षं वापरून ताणली गेलीय, कापडी टेप ताणतेच, तिच्यावरचे आकडे खरे येणार नाहीत. त्यापेक्षा कागदाची लांब पट्टी चिकटवून करा, चौकटीला लावा आणि प्रत्येक खूण तिच्यावर उतरवून घ्या, शेजारी तारीख. आणि हे महत्त्वाचं, त्या खुणा केल्या तेव्हा जुनी फरशी होती, नंतर तिच्यावरच नव्या टाइल्स बसवल्या, म्हणजे जमीन वर आली आणि आता मोजलं तर आम्ही दोघं लहानपणी होतो त्यापेक्षा बुटके निघू! तेव्हा दारं खालून कापायला लागली होती आठवतंय का, तुम्हीच करवतीने कापली होती. जेवढं कापलं साधारण तेवढीच जमीन वर आली असणार. तो आकडा तुम्हाला आठवत असेल तर पट्टीच्या खाली लिहा.

फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका बापाने 1759 ते 1777 अशी 18 वर्षं स्वतःच्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली होती, मुलांच्या वाढीच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. हे वाचलं तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात बाबा, पेन्सिल कानावर, पुस्तक माझ्या डोक्यावर आडवं, आणि "टाचा मागे, हनुवटी वर नको".

आणखी एक. फळीच्या उजव्या बाजूला तुम्हा दोघांच्याही खुणा हव्यात. एकमेकांना मोजा, पण सकाळी उठल्या उठल्या, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी माणूस एखादा सेंटीमीटर कमी भरतो. आधीपेक्षा कमी आलं तरी तेच लिहा, चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण सेंटीमीटरभर उंची कमी होतेच. मला आत्ताची, खरी उंची हवीय, पिल्लू एक दिवस तुमच्या खुणेपर्यंत पोचेल तेव्हा ती आत्ताच्या आजी-आजोबांना गाठेल.

पट्टीची घडी घालू नका, घडीवर खूण आली तर मिलिमीटर सरकतो. गुंडाळी करून नळीत घालून पाठवा. तोपर्यंत मी डावी बाजू कोरी ठेवतोय.

तुमचा,
बाळू