चौथीलाही अक्षरं शिकवावी लागतात, हे दाखवून दिल्याबद्दल

डॉ. सोनाली नाग यांस,
सप्रेम नमस्कार.

आम्ही मराठी शाळांत वाचन शिकवणारी आणि त्याची प्रशिक्षणं घेणारी मंडळी. तुमचा २००७ सालचा अभ्यास कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा. तरी त्याचे आभार मराठीतून मानायला हवेत, कारण अडचण दोन्हीकडे एकच आहे.

इंग्रजीची अक्षरं २६. आपल्याकडे ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८ आकृत्या, जोडाक्षरं वेगळीच. कन्नड मुलांची अक्षरओळख चौथीपर्यंत चालूच राहते, हे तुम्ही दाखवलंत. साधी व्यंजनं लवकर येतात, स्वरचिन्हं लागलेली नंतर, जोडाक्षरं सर्वांत उशिरा. आपल्या शाळांचा हिशोब मात्र वर्षानुवर्षं असा: दिवाळीपर्यंत मुळाक्षरं, मार्चपर्यंत बाराखडी, दुसरीत जोडाक्षरं, आणि मागे राहील ते मूल 'अप्रगत'.

बाराखडी सुरात म्हणणाऱ्या मुलाला फळ्यावर नुसता 'कु' लिहून विचारावं. ते मनात 'क, का, कि, की' म्हणत तिथवर पोचतं. क्रम पाठ आहे, आकृती ओळखीची नाही. त्यावर उपाय म्हणजे आधी क, म, ल, न, स एवढीच व्यंजनं आणि सोबत काना व दुसरी वेलांटी घ्यायची. तेवढ्यातून नाक, मासा, काकी, मामी, साल असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवावी. ती लिहिताना व्यंजनाच्या आधी येते, उच्चारताना नंतर. डावीकडून वाचत जाणारं मूल तिथे हमखास अडखळतं.

चाचणीही बदलावी लागली. ४० कार्डं पिसून एकेक दाखवायचं: १० साधी, २० स्वरचिन्हांची, १० जोडाक्षरं. चूक-बरोबरची खूण करून भागत नाही, मूल काय म्हणालं ते लिहायचं. 'मू'ला 'भू' म्हणणाऱ्याला म-भ मधला फरक दिसत नाही. 'मे' म्हणणाऱ्याचं व्यंजन पक्कं आहे, चिन्ह कच्चं. दोघांना एकच सराव देणं म्हणजे वेळ फुकट.

जोडाक्षरांत आधी दंडवाली, म्हणजे उभ्या रेघेची, घ्यावीत: म्ह, त्य, स्त. नुसता दंड गेला की झालं. मग क्य, फ्य; मग ट्ट, ड्य. 'र' सगळ्यांत खट्याळ. सर्व, चक्र, ट्रक, सुऱ्या या चार शब्दांत त्याची चार रूपं आहेत. रफार 'व'च्या डोक्यावर बसतो पण बोलला आधी जातो, म्हणून 'सर्व'चं 'सवर' होतं. ही चारही रूपं एका दिवशी शिकवली तर एकही टिकत नाही.

तुमचं दुसरं निरीक्षणही आम्हाला तितकंच मोलाचं वाटतं. मुलांना शब्दातले अक्षरखंड लवकर कळतात, पण सुटे ध्वनी वेगळे करणं सावकाश येतं. इंग्रजी धाटणीचे ध्वनिसराव पहिलीच्या वर्गात जसेच्या तसे आणून मुलांना 'क' मधला 'अ' काढायला लावण्यात अर्थ नसतो. 'कमळ'ला तीन टाळ्या वाजवणं पुरे. पुढे 'की'ची वेलांटी पुसून तिथे उकार दिला, 'कू' झाला, की स्वर वेगळा असतो हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. तेव्हा हा खेळ जमतो, आणि मुलांना आवडतोही.

२०२१ पासून केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं लक्ष्य तिसरीअखेरचं आहे. तिसरीच्या मुलानं अर्थ समजून वाचावं ही अपेक्षा रास्तच आहे. पण तिसरी आली म्हणून अक्षरांचा सराव बंद करणं चूक. तिसरी-चौथीत रोज दहा मिनिटं पुरतात: परिसर अभ्यासाच्या चालू धड्यातली पाच जोडाक्षरं घ्यायची, राष्ट्र, पर्जन्य, स्वच्छ अशी, फोडून दाखवायची, पुन्हा जोडायची आणि मग त्याच धड्यातलं वाक्य वाचून घ्यायचं. 'राष्ट्र'मध्ये तीन व्यंजनं एकावर एक आहेत. ते एकदा सांगून कुणाला येत नाही.

ही दहा मिनिटं वेळापत्रकात मागितली की "चौथीला कसली अक्षरं शिकवताय?" असा प्रश्न येतोच. तिथे तुमचा अभ्यास पुढे करता येतो, आणि बहुतेकदा ती दहा मिनिटं मिळतात. त्याबद्दल मनापासून आभार.

आपले,
मराठी वाचन शिकवणारे काही शिक्षक