बुधवारचा मोटरसायकल मेळा बंद नको

महोदय,

मी इंग्लंडमध्ये रेडिचजवळ राहतो. आमच्या गावच्या पबमध्ये उन्हाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी मोटरसायकलवाले जमत. आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून यंदा मालकाने हा मेळा रद्द केला. मला फार वाईट वाटले.

रेडिच हे रॉयल एनफील्डचे जन्मगाव. १९०१ मध्ये त्यांची पहिली मोटरसायकल निघाली, ती इथलीच. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्यांची बुलेट मद्रासला तयार होऊ लागली आणि पुढे आपल्याकडच्या पोलिसांपासून बागायतदारांपर्यंत सगळ्यांची झाली. माझे वडील साताऱ्यात ज्या गाडीवर मला शाळेत सोडत, तिच्याच जातीची जुनी गाडी मला त्या पबच्या अंगणात दिसली. तिच्या मालकाशी, सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांशी, तासभर बोललो. या परक्या गावात माझी पहिली ओळख झाली ती अशी. (गाडी चालवायची असल्याने तिथे बहुतेक जण चहाच घेत, हेही सांगायला हवे.)

रात्री सायलेन्सर काढून गाडी पिटाळणारे दोन-चार असतात, आणि शेजाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण त्या दोन-चारांना रोखा, सगळा मेळाच का मोडता? मोटरसायकलवाल्यांचा लंडनमधला अड्डा 'एस कॅफे' १९६९ मध्ये बंद पडला, तो पुन्हा उघडायला २००१ साल उजाडले. आमच्याकडे नऊ वाजता इंजिने बंद करण्याची अट घालून एक उन्हाळा तरी पाहावा, अशी विनंती मी मालकाला लेखी केली आहे.

– एक वाचक, वूस्टरशायर, इंग्लंड