खानापूर भागातल्या आमच्या सॉ मिलच्या मेस्त्री मामांना

मेस्त्री मामा, नमस्कार.

एप्रिल-मेचे सहा आठवडे आम्हा दोघांना मिलमध्ये ठेवून घेतलंत, त्याबद्दल हे पत्र. फोनवर आभार मानले तर "बरं बरं, जेवलात काय?" म्हणून तुम्ही विषय संपवाल. उघड लिहायचं कारण एवढंच की पुढच्या उन्हाळ्यात आणखी पोरं येणार, आणि तेच तेच सांगून तुमचा घसा बसायला नको.

आभार आधी या गोष्टीचे, की पहिला आठवडाभर पट्ट्याजवळ, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या करवतीच्या पात्याजवळ, फिरकू दिलं नाहीत. हातात टेप आणि खडू. ४८ इंच घेराचा, १० फूट लांब ओंडका: घेराचा चौथा हिस्सा १२ इंच, बारा गुणिले बारा गुणिले दहा, भागिले १४४, झाले १० घनफूट. घेर ओंडक्याच्या मधोमध घ्यायचा, बुडाशी नाही. कॉलेजातल्या वर्तुळाच्या सूत्राने हाच ओंडका पावणेतेरा घनफूट भरतो. गिऱ्हाईक इथेच वाद घालतं. साल, बाजूच्या कडा आणि भुसा यांत जे जाणार, त्याची सूट चौथाईच्या हिशोबात आधीच धरलेली असते, हे तुम्ही भांडण न करता, खडूने ओंडक्याच्या तोंडावर चौकोन काढून समजावता. ते बघण्यासारखं आहे.

नावांचा घोळही तिथेच सुटला. मराठी शेतकरी ऐन म्हणतो, कन्नड शेतकरी मत्ती. नाणा म्हणजे नंदी, बिबळा म्हणजे होन्ने. लाकूड एकच. चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहायची तुमची सवय आम्ही उचलली आहे.

ओंडका ट्रॉलीवर चढवण्याआधी साल काढून ब्रशने माती झाडायची. खडे-वाळूने धार जाते, पण खरा वैरी खिळा. रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या झाडात खिळे, काटेरी तार, कधी गुरं बांधायची कडी आत वाढलेली असते. ऐन, बाभूळ अशा तुरट लाकडात लोखंडाभोवती काळानिळा डाग उठतो. ओंडक्याच्या तोंडावर असा डाग दिसला की तेवढा तुकडा सरळ सरपणात, हा तुमचा नियम. फूटभर लाकूड गेलं तर गेलं.

आता पट्टा. यावर जास्त लिहितो, कारण पुस्तकात हे सापडत नाही. वरच्या-खालच्या ज्या दोन चाकांवरून पट्टा फिरतो, त्यांच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहून तो जाड नको; ३६ इंची चाकाला साधारण ०.९ मिलिमीटर. जाड घेतला तर चाकावरून वळून वळून थकतो आणि तडकतो. दात डावी-उजवीकडे फाकवलेले असल्याने काप सुमारे २ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे बारा कापांमागे इंचभर लाकडाचा भुसा. गोल करवत ४-५ मिलिमीटर खाते, तिथे पाच-सहा कापांतच इंच जातो. सागाच्या भावात हा हिशोब कुणीही करून बघावा.

धार लावताना दाताच्या मुळाशी कोपरा ठेवायचा नाही, गोलाईच हवी, कारण चीर कोपऱ्यातून सुरू होते. सहाणेचं चाक दाबलं आणि दात निळा पडला, की तिथलं पोलाद ठिसूळ झालं. म्हणून हलका हात, आणि एकाच फेरीत न उरकता दोन-तीन फेऱ्या. एका बाजूचे दात बोथट राहिले तर पट्टा धारदार बाजूकडे ओढला जातो आणि फळीची जाडी एका टोकाला सव्वा इंच, दुसऱ्याला पाऊण. फळीवर लाटा उठल्या तर बहुतेक वेळा ताण कमी असतो, नाहीतर ओंडका घाईने रेटलेला असतो. पट्ट्याला सरळ धरणारा वरचा मार्गदर्शक ठोकळा लाकडापासून फार उंच राहिला तरीही तेच. काम संपल्यावर वरचं चाक थोडं खाली घेऊन पट्टा रात्रभर सैल ठेवायचा.

आणि तो आवाज. चांगला पट्टा एकसुरी घरघरतो. त्यात ठरावीक अंतराने टक्, टक् ऐकू आलं की तुम्ही बोलणं अर्धवट सोडून स्विचकडे जाता. दर फेऱ्याला तीच चीर ठोकळ्याला लागते, म्हणून तो ताल. बाकी मिलभर गोंगाट असतानाही तुम्हाला ते कसं ऐकू येतं, हे मात्र आम्हाला जमलं नाही.

ओंडका अर्धा कापलेला असताना हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) लाईन गेली, तर तो तसाच मागे ओढायचा नाही. पट्टा कापाबरोबर पुढे येतो आणि चाकावरून उतरतो. स्टार्टर बंद, चाकं पूर्ण थांबू द्यायची (वजनाने ती बराच वेळ फिरतात), मग कापात पाचर मारून तोंड उघडायचं आणि ओंडका हळू मागे घ्यायचा. हातमोजे घालून पट्ट्याजवळ जायचं नाही, पट्ट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, शेवटचा हातभर भाग काठीने ढकलायचा. गमछा तोंडाला बांधून बारीक भुसा अडत नाही. मामा, स्वतः तुम्ही अजून गमछाच वापरता. कडक लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पाठवलेले मास्क कपाटात ठेवू नका.

निलगिरीचं गणित वेगळं. झाड उभं असताना बाहेरचा थर ताणलेला आणि आतला दाबलेला असतो. एकाच बाजूने कापत गेलं की ओंडका धनुष्यासारखा वाकतो, तोंडाला फाटतो. म्हणून एक फळी या बाजूची, ओंडका उलटा करून एक समोरची, गाभा शेवटी मधोमध सोडायचा. आंब्याला दुसरी खोड: ओल्या फळ्या एकावर एक चिकटवून ठेवल्या तर काही दिवसांत निळसर बुरशी. कापल्या दिवशीच थप्पी, फळ्यांच्या थरांमध्ये दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या रिपा, आणि वरपासून खालपर्यंत रिपा एकाच उभ्या रेषेत. रेष चुकली की वरच्या वजनाने खालची फळी त्या जागी कायमची वाकते. वाळताना फळी सालीच्या बाजूला खोलगट होते, त्यामुळे दाराच्या फळ्या जोडताना सुतार एक उलटी, एक सुलटी का घेतो, तेही कळलं.

वनखात्याच्या रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय साग किंवा शिसवीचा ओंडका ट्रॉलीवर चढवायचा नाही, ही शिस्त तुम्ही ओळखीच्या माणसालाही मोडू दिली नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

दिवाळीच्या सुट्टीत निलगिरीच्या थप्पीची ओल मोजायला येतो. तोवर एक काम कराल का? मागच्या शेडमध्ये, खालून तिसऱ्या थरातली भिंतीकडची रीप दोन बोटं सरकल्यासारखी वाटत होती. आमच्याच हातची आहे. पाऊस धरायच्या आत कुणाकडून तरी तेवढी सरळ करून घ्या.

तुमची उन्हाळी पोरं